दहा उरतात

माझे दाजी खंडेराव बोरस्ते यांनी देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, आणि शाळा सुटल्यावर, कुणी विचारलेलं नसताना, उरलेल्या गावाला शिकवलं. रस्त्यानं गाडी गेली की तिचा नंबर फोडायचा, म्हणजे त्याचे मूळ अवयव पाडायचे, ही त्यांची सवय. लोक गाडीचा रंग बघतात, मायलेज विचारतात. दाजी तिला सातानं भाग जातो का ते बघायचे.

ते सरूताईला बघायला देवळ्याला आमच्या घरी आले, तेव्हा बाकीच्या पाहुण्यांचं लक्ष पोह्यांवर होतं आणि दाजींचं दारात उभ्या असलेल्या आमच्या मामांच्या राजदूतवर. "दोन हजार चारशे एक्याण्णव," ते म्हणाले. "सत्तेचाळीस गुणिले त्रेपन्न. चांगली गाडी आहे." मामांना वाटलं, नवरदेव हुंड्यात गाडी मागतोय. लग्न मोडता मोडता राहिलं.

मी ताईचा धाकटा भाऊ, झुंबर. नाव आईवडिलांनी ठेवलं, मी फक्त वापरतो. पंचवटीत राहतो आणि एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. अर्थशास्त्र ही गणितात नापास झालेल्यांसाठी सरकारनं केलेली सोय आहे, असं दाजींचं मत होतं. मी ते कधी खोडून काढलं नाही, कारण मी गणितात नापास झालो होतो.

कॅम्पात राहण्याचा दाजींना एक मोठा फायदा होता. साध्या गाडीचा नंबर चार आकडी असतो, लष्करी ट्रकचा सहा आकडी. तोफखान्याचा सराव सुरू झाला की शेजारीपाजारी खिडक्यांच्या काचा धरून बसायचे आणि दाजी पाटी घेऊन ओट्यावर बसायचे, कारण आता ट्रकचे ताफे जाणार. पाटी खरोखरची, दगडी, लाकडी चौकटीची. फोडून झालेला आकडा जपून ठेवायचा कशाला, असं त्यांचं म्हणणं. ओलं फडकं फिरवलं की दुसरा. कधी कधी असा आकडा लागायचा की जो एक आणि तो स्वतः याशिवाय कशानंच फुटत नाही. मग दाजी पाटी खाली ठेवायचे, "मूळ आहे" म्हणायचे, आणि त्या दिवशी जेवताना एक भाकरी जास्त घ्यायचे. या आनंदाचं कारण मला कधी कळलं नाही. ताईला कळलं होतं की नाही माहीत नाही, पण असा आकडा लागला की ती आधीच एक भाकरी जास्त थापायची.

दोन वर्षांपूर्वी दाजींचं विसरणं सुरू झालं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग वार गेले, मग चष्मा कुठे आहे हे नव्हे तर चष्मा कशासाठी आहे हे जायला लागलं. एका सकाळी ते एकटेच बस पकडून निघाले आणि दुपारी पंचवटीच्या भाजीबाजारात मला सापडले. मेथीवालीच्या शेजारी गोणपाटावर बसून जुड्या लावून देत होते. मेथीवाली म्हणाली, "न्या बाबांना, पण उद्या परत आणून सोडा. माझ्या जावयापेक्षा बरे हायेत."

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडापुढे धरून आम्हाला दाखवला. आम्हीही तो कळल्यासारखा बघितला. ते म्हणाले, हा आजार मागे फिरत नाही. हळूहळू माणसं ओळखू येणार नाहीत. पुढे पुढे एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतील, काहीही विचारलं तरी तेच उत्तर देतील. तेव्हा घाबरून जाऊ नका.

दाजींचा मुलगा शेखर पुण्यात एका कॉम्प्युटर कंपनीत आहे. शेखर वाईट मुलगा नाही. वाईट असता तर ही गोष्ट सोपी झाली असती. भाजीबाजाराच्या प्रकारानंतर त्यानं त्र्यंबक रस्त्यावरचं एक केंद्र बघून ठेवलं, जिथं अशा माणसांना सांभाळतात. तो म्हणाला, "आई, एक दिवस ते रेल्वे लाइनवर सापडतील. तुला झेपणार नाही."

ताई म्हणाली, "झेपायचं न झेपायचं मी बघते."

"म्हणजे कधीपर्यंत? काहीतरी ठरव ना."

तेव्हा ताई जे बोलली ते ती विचार करून बोलली की रागाच्या भरात, ते तिलाही सांगता येत नाही. ती म्हणाली, "रोज सकाळी ते एक आकडा फोडतात ना? ज्या दिवशी आकडा फुटणार नाय, त्या दिवशी ने. मी आडवी येणार नाय."

शेखरला हे लगेच पटलं. आईच्या मायेशी वाद घालता येत नाही, पण मोजता येणारी गोष्ट समोर आली की त्याच्या कंपनीतल्या माणसांना बरं वाटतं. त्यानं एक्सेलमध्ये दोन रकाने केले, 'फुटला' आणि 'फुटला नाही'. ताईनं रोज फोन करून सांगायचं, त्यानं पुण्यात बसून खूण करायची. अशा रीतीनं माझे दाजी घरी राहणार की नाही, हे भागाकारावर ठरायला लागलं.

आता, खरे ट्रक कसेही असतात. काही पाचवीतल्या पोराला फुटतात, काही दिवसभर दाद देत नाहीत. ताईनं ठरवलं की यात नशिबाला मध्ये घ्यायचं नाही. ती नववीपर्यंत शिकलेली, पण दाजींबरोबर संसार करून लहान मूळ संख्या तिला पाठ झाल्या होत्या. दाजी उठायच्या आधी ती परातीत कणीक पसरायची आणि बोटानं त्यात गुणाकार मांडायची. दोन-तीन मूळ संख्या घ्यायच्या, एकमेकींनी गुणायच्या, येईल तो आकडा पाटीवर लिहून ठेवायचा आणि सांगायचं, सकाळी ट्रक गेला त्याचा आहे. मग कणकेत पाणी घालायचं. पुरावा पोळ्यांमध्ये जायचा.

"डाळ-तांदूळ मिसळायला काय लागतं रे?" तिनं मला सांगितलं. "एक हात फिरवला की झालं. निवडायला बसलं की सकाळ जाते. आकड्याचं तसंच हाय. मी मिसळते, ते निवडतात."

बँकांच्या व्यवहारांची मोठमोठी कुलपं याच एका गोष्टीवर चालतात, असं मी नंतर कुठेतरी वाचलं. मिसळणं सोपं, निवडणं अवघड. ताई ते कुलूप रोज सकाळी लावायची, आणि आत कोण आहे हे बघण्यासाठी दाजींकडून उघडून घ्यायची.

दाजी उघडत होते. शेजाऱ्याला ओळखत नव्हते, चहा घेतला की नाही आठवत नव्हतं, पण पाटी मांडीवर आली की हात चालायचा. हळूहळू तो संथ झाला. ताईनं आकडे सोपे केले. मग आणखी सोपे केले. अकरानं गुणणं तिला सोपं जायचं, म्हणून ती अकरा सगळीकडे घालायची, मिठासारखे. शेवटी एक दिवस दाजींनी पाटी बाजूला ठेवली.

"सरू, लष्कराच्या सगळ्या ट्रकना अकरानं कसा काय भाग जातो?"

"असतील. सरकारी काम हाय."

"सरकारी काम इतकं नियमित नसतं." मग म्हणाले, "मला फसवते आहेस का? शेंडेफळ समजून पोराला हरलेला डाव जिंकू देतात, तसं?"

ताईनं ते मनाला लावून घेतलं. दाजी सगळं विसरत होते, पण अपमान विसरत नव्हते. तिनं ठरवलं, उद्या चांगला आकडा द्यायचा. त्यांच्या तोलामोलाचा.

पुढचं मी स्वतः बघितलेलं नाही. मी परीक्षेच्या कामाला धुळ्याला होतो. ताईनं सांगितलं तसं सांगतो.

रविवार होता. शेखर आदल्या दिवशी आलेला. ताईनं परातीत तेवीस घेतले, एकोणतीस घेतले आणि पहिल्यांदाच एक मोठी मूळ संख्या घेतली, एकशे सत्तावन्न. तेवीस आणि एकोणतीसचा गुणाकार सहाशे सदुसष्ट. त्याला एकशे सत्तावन्ननं गुणलं. परातीत जागा पुरेना, एक ओळ काठावर चढली. बेरीज करून तिनं पाटीवर लिहिलं: १०४७२९. मग कणीक मळून टाकली.

दाजींनी पाटी बघितली आणि ताठ बसले. "आज बरा आकडा आहे. कुठला ट्रक?"

"पहाटे गेला. लय मोठा होता. मागं तोफ होती."

ते बसले. नाश्ता तिथंच केला, जेवायला उठले नाहीत. फायरिंग रेंजवर तोफा चालल्या होत्या, काचा थरथरत होत्या, शेखर आत लॅपटॉपवर काम करत होता आणि ताई दर थोड्या वेळानं काहीतरी निमित्त काढून ओट्यावर चक्कर मारत होती. पाटी भरायची, पुसायची, पुन्हा भरायची. ऊन ओट्यावरून उतरलं तेव्हा दाजींनी पेन्सिल खाली ठेवली.

"मूळ आहे."

ताई हसली. हसण्यासारखंच होतं; आत काय काय घातलंय ते तिला माहीत होतं. "नाय हो. नीट बघा."

"बघितलं."

"अहो, ट्रक आहे तो."

"मग? ट्रकला मूळ असायची बंदी आहे?"

ताईनं आवाज खाली आणला. आत शेखर होता. "तेवीसनं बघितलं का?"

"बघितलं. दहा उरतात."

तेवीस तिनं स्वतःच्या हातानं घातले होते. तेवीसनं भाग गेला की शून्य उरायला पाहिजे. शाळेतल्या पोरालाही शून्यच उरले असते.

"एकोणतीसनं?"

"दहा उरतात."

आतून टाइप करण्याचा आवाज थांबला. शेखर दारात येऊन उभा राहिला.

"एकशे सत्तावन्ननं बघा. माझ्यासाठी बघा एकदा."

दाजींनी तिच्यासाठी बघितलं. पाटीच्या कोपऱ्यात भागाकार केला, बोटानं पुसला. "दहा उरतात," ते म्हणाले. मग तिचा चेहरा बघून समजूत घातल्यासारखं बोलले, "अगं, तीनशे सतरापर्यंत जाऊन आलो मी. त्याच्या पुढे जायची गरज नाही."

डॉक्टरांनी सांगितलं होतं. काहीही विचारलं तरी तेच उत्तर.

स्वयंपाकघरात ताईनं शेखरला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. परात, कणीक, तेवीस, एकोणतीस. शेखर तिच्या गळ्यात पडून रडला. म्हणाला, "आई, इतके दिवस तू एकटीनं हे..." ताई रडली नाही. तिला वाटत होतं, आपण दिलेला शब्द आपल्याच तोंडातून कसा परत घ्यायचा. तेवढ्यात बाहेरून दाजींनी जेवण मागितलं. त्या संध्याकाळी ते रोजच्यापेक्षा जास्त जेवले. पोट भरलेलं कळत नाही, हेही आजाराचंच लक्षण म्हणून शेखरनं फोनमध्ये वाचून दाखवलं.

आठवड्यात दाजी त्र्यंबक रस्त्याला गेले. गाडीत बसताना त्यांनी विचारलं, "सरू, तू मागे बसतेस ना?" ताई म्हणाली, "मी मागून येते." तिला वाटलं, हे वाक्य तसं खोटं नाही.

मी धुळ्याहून आलो, तरी लगेच ताईकडे गेलो नाही. अशा वेळी काय बोलायचं, हे आम्हा शिकलेल्यांना कळत नाही, म्हणून आम्ही आधी फोन करतो, मग मेसेज करतो आणि मग महिना जातो. गेलो तेव्हा ताई वाळली होती. स्वयंपाकघरात परात उभी करून ठेवलेली होती. एका माणसासाठी कणीक वाटीत मळते, म्हणाली.

मग तिनं त्या रविवारचं सगळं सांगितलं. समोरचं माणूस दुःख सांगत असताना हातांचं काय करायचं, हा माझा जुना प्रश्न आहे. मी फोन काढून बसलो होतो आणि ती बोलत असताना, निव्वळ हाताला चाळा म्हणून, तिचे आकडे कॅल्क्युलेटरवर मारले. तेवीस गुणिले एकोणतीस गुणिले एकशे सत्तावन्न.

एक लाख चार हजार सातशे एकोणीस आले.

"ताई, दाजींना आकडा किती दिलास म्हणालीस?"

"सातशे एकोणतीस. एक लाख चार हजार सातशे एकोणतीस."

"एकोणीस नाही?"

"मी पाटीवर लिहिला ना माझ्या हातानं. दिवसभर ओट्यावर तोच बघत होते. तो आकडा मी सरणावर जाईपर्यंत विसरायची नाय. का?"

नेटवर तो आकडा टाकला. उत्तर लगेच आलं. १०४७२९ ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः याशिवाय तिला कशानंही भाग जात नाही. दोन, तीन, पाच अशा मूळ संख्या ओळीनं मोजत गेलं तर ही बरोबर दहा हजारावी. खाली हेही लिहिलं होतं की एवढ्या आकड्याची मूळ असल्याची खात्री करायला तीनशे सतरापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघितलं की पुरतं. त्याच्या पुढे जायची गरज नसते.

आणि तिच्या खऱ्या गुणाकारापेक्षा हा आकडा दहानं जास्त होता. त्यामुळे तेवीसनं भागा, एकोणतीसनं भागा, एकशे सत्तावन्ननं भागा, दर वेळी दहाच उरणार. दुसरं काही उरायची सोयच नव्हती. माणूस भ्रमिष्ट झाल्यासारखा एकच उत्तर देत होता, कारण एकच उत्तर होतं.

त्या रविवारी त्या घरात दोन फोन, एक लॅपटॉप आणि एक कॉम्प्युटर इंजिनिअर होता. चूक कुणाची आहे हे सगळ्यांना आधीच माहीत असल्यामुळे कुणी काही तपासलं नाही.

मी फोन खिशात ठेवला. सांगू नये असं ठरवत होतो. पण मी लहान असताना भांडं फोडून आलो तर ताईला दारातच कळायचं.

"झुंब्या, तोंड का उतरलं तुझं?"

"काही नाही."

"काय आलं फोनमध्ये?"

ती उठली, परात आडवी घातली आणि डब्यातलं पीठ पसरलं. पहिल्यांदा भरभर, मग हळू. सहाशे सदुसष्ट. खाली एकशे सत्तावन्न. तीन ओळी मांडल्या. बेरजेला आली. एककाला नऊ. दशकाला सहा आणि पाच.

तिचं बोट थांबलं.

"सहा आणि पाच," ती म्हणाली.

"अकरा," मी म्हणालो.

"मी बारा धरले." तिनं बोट परातीच्या काठावर ठेवलं. "काठावर गेली होती ती ओळ. मला वाटलं, दिसतंय नीट. म्हणजे ते..."

"बरोबर होते."

"तेवीसनं?"

"दहाच उरतात, ताई."

"तिन्ही वेळा बरोबर?"

"तिन्ही वेळा."

"आणि मी त्यांना गाडीत बसवून दिलं." तिनं पीठ मळलं नाही. परात तशीच उचलून स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली. "उद्या गाडी आण. सकाळी."

शेखरला मी फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मामा, मी रकाना चुकीचा केला. फुटला आणि फुटला नाही, दोनच. फुटतच नाही असा आकडा असतो हे माझ्या डोक्यात आलंच नाही. बाबांचा मुलगा असून." पुढे तो ऐकू येईना. फोन चालू होता.

केंद्रात चांगली माणसं होती, हे सांगायला हवं. स्वच्छ खोली, खिडकीतून डोंगर. तिथली मुलगी कौतुकानं म्हणाली, "आजोबांचा काहीच त्रास नाही हो. बसवलं तिथं बसतात." दाजींना चाळीस वर्षं ओळखणाऱ्या माणसाला ही बातमी पुरेशी होती. ते टेबलापाशी बसून एका छापील मोराला रंग देत होते. रेघेबाहेर कुठेही गेला नव्हता. त्यांना रंगवायला आवडतं असं ती मुलगी म्हणाली. मला वाटतं, रेघेबाहेर न जाणं एवढंच आवडत असावं.

ताई शेजारी बसली.

"अहो, तो आकडा माझा चुकला होता. बेरजेत चुकला. तुमचं बरोबर होतं."

दाजींनी तिच्याकडे बघितलं. पालक सभेत एखाद्या पोराची आई भेटायला आली की ते असे बघायचे, आदरानं आणि जरा घाईनं.

"असू द्या बाई. होतं असं."

चाळीस वर्षांत त्यांनी तिला अहो-जाहो केलं नव्हतं.

"मूळच होता तो," ताई म्हणाली. "एक लाख चार हजार सातशे एकोणतीस."

त्यांनी आकडा एकदा पुटपुटला. मला वाटलं, आता काहीतरी होईल. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि सौजन्यानं विचारलं, "कुणाचा नंबर आहे? फोन करायचाय का तुम्हाला?"

ताई उठली आणि त्यांची कपड्यांची पिशवी भरायला लागली. केंद्रातली बाई म्हणाली, "आजी, आता नेऊन तसा फरक पडणार नाही. त्यांना जागा कळत नाही." ताई म्हणाली, "त्यांना नाय कळलं तर नाय कळू दे."

डॉक्टर म्हणतात, जागा बदलली की असा आजार झपाट्यानं पुढे जातो. पण तो तसाही गेला असता, कुणी सांगावं. मला हे वाक्य उपयोगी वाटलं. ताईला मी ते दोनदा सांगून बघितलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "जाऊ दे."

घरी आल्यावर दाजी दिवसभर पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले. चहा दिला तर आभार मानले. ताईनं पाटी पुढे केली नाही. संध्याकाळी दिवे लागले तसे ते उठले आणि चपला शोधायला लागले.

"निघतो बाई. उशीर झाला. घरी वाट बघत असतील."

"कोण वाट बघतंय?" ताईनं विचारलं.

त्यांनी आठवून बघितलं. नाव मिळेना तसे कासावीस झाले. "आहेत एक," ते म्हणाले. "वाट बघतात. दार लावत नाहीत मी येईपर्यंत."

मी म्हणणार होतो, दाजी, हेच तुमचं घर. ताईनं मला हातानं थांबवलं. तिनं पदर खोचला, त्यांना चपला घालायला मदत केली. "चला, सोडते तुम्हाला," म्हणाली.

आम्ही तिघं बाहेर पडलो. कॉलनीच्या गल्लीतून, बंद शाळेवरून, किराणा दुकानावरून. एक लष्करी ट्रक समोरून आला आणि गेला. दाजींनी धूळ येऊ नये म्हणून फक्त डोळे मिटले. ताई त्यांच्या अर्धं पाऊल मागे चालत होती, परक्या बाईनं चालावं तशी. त्यांनी तिला विचारलं, तुमचं घर लांब पडत असेल ना? ती म्हणाली, नाही, इथंच आहे. त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं? ती म्हणाली, आम्ही दोघं.

फेरी मारून आम्ही पुन्हा त्याच फाटकापाशी आलो. दाजी थांबले. घराकडे बघत राहिले, पण पुढे होईनात. कुणाच्या तरी घरात असं कसं शिरायचं.

"झुंबर, त्यांच्याजवळ थांब," ताई माझ्या कानात म्हणाली आणि बाजूच्या बोळात शिरली. त्या बोळातून मागच्या दाराला जाता येतं. कडी वाजल्याचा आवाज आला, आत एक दिवा लागला, मग पुढचा लागला. आणि पुढचं दार आतून उघडून ताई उंबऱ्यात उभी राहिली. पदर सोडलेला, हात ओले. स्वयंपाकाच्या ओट्याशी काम करता करता उठून आल्यासारखी.

दाजींचा चेहरा मोकळा झाला. ते भराभर पायऱ्या चढले.

"सरू! अगं, किती उशीर झाला मला. बसच मिळेना."

"आत या," ताई म्हणाली. "पाय धुवा."

"थांब. त्या बाई आल्या होत्या मला सोडायला, एवढ्या लांबून. भल्या बाई होत्या. त्यांना चहा तरी विचार."

ते वळून फाटकाकडे बघायला लागले. तिथं मी एकटाच होतो. ताई उंबऱ्यात त्यांच्या मागे उभी राहून त्याच अंधाराकडे बघत होती.

"त्या गेल्या," ती म्हणाली.